ऑर्गन, त्याचा वारा आणि त्याचे घर

सन १७०८ च्या आरंभी जर्मनीतील म्यूलहाउझेन या नगराच्या सभेपुढे तेथील सेंट ब्लासियस चर्चमधील ऑर्गनच्या दुरुस्तीचे एक तपशीलवार टिपण मांडण्यात आले. ते लिहिणारा चर्चचा वादक अवघा बावीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव योहान सेबास्टियन बाख असे होते. ज्याच्या रचना पुढे पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकाला प्रमाणग्रंथांप्रमाणे पूज्य व्हावयाच्या होत्या, त्या या तरुणाने कलेच्या महतीवर व्याख्यान न देता पहिल्याच कलमात वाऱ्याचा प्रश्न काढला. वाद्याला वारा अपुरा पडतो, तेव्हा तीन नवे आणि चांगले भाते बसवावेत, ही त्याची पहिली मागणी. सर्व स्वरसमूहाला गांभीर्य यावे म्हणून पायांनी वाजवावयाच्या विभागात बत्तीस फुटी खर्जाची नवी नळ्यांची रांग असावी, काही जीर्ण नळ्या काढून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवाव्यात, आणि चर्चच्या मंडळींना हौस आहे म्हणून लहान घंटांचा एक संचही जोडावा, अशा क्रमाने ते टिपण पुढे जाते. नगरसभेने त्याला मंजुरी दिली. काम पुरे होण्याच्या आतच बाख वायमारच्या दरबारी नोकरीस निघून गेला.

ऑर्गनचा व्यासंग असणारी मंडळी, म्हणजे वादक, कारागीर, चर्चच्या जमाखर्चाची जबाबदारी वाहणारे समितीचे सभासद, आणि स्वतःला एक ओळही वाजविता येत नसताना केवळ ऐकण्यासाठी गावोगाव हिंडणारे निस्सीम रसिक, आजही एकत्र जमली म्हणजे त्यांचे संभाषण बहुधा बाखच्या टिपणाच्याच क्रमाने चालते. प्रथम वाऱ्याची चौकशी होते, मग नळ्यांची, मग ज्या इमारतीत वाद्य बसविलेले आहे तिच्या नादाची, आणि या सर्वांचा बंदोबस्त झाला की संगीताची. बाहेरच्या माणसाला हा क्रम उलटा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सारंगी किंवा व्हायोलिन खोळीत घालून परगावी नेता येते, तसा ऑर्गन नेता येत नाही. ज्या भिंतींच्या आत तो उभा राहतो त्यांच्यातच त्याचे आयुष्य जाते, आणि त्याचे संगीत त्या भिंतींपासून, तेथील हवेपासून व त्याच्या देखभालीचा खर्च सोसणाऱ्या संस्थेपासून वेगळे काढता येत नाही. या वाद्याविषयीचे जवळजवळ सर्व वाद आणि त्याच्यावरील सर्व प्रेम या एकाच वस्तुस्थितीतून उगवले आहे, असे माझे मत आहे आणि पुढील विवेचन त्याच धोरणाने केले आहे.

मराठी वाचकाच्या परिचयाचा ऑर्गन हा संगीत नाटकांचा ऑर्गन होय. नाटक कंपन्यांच्या वैभवाच्या काळात पायांनी भाते हलवून वाजवावयाचे जे वाद्य रंगमंचाजवळ मांडलेले असे आणि ज्याच्या भरदार साथीवर बालगंधर्वांची पदे रंगत, ते मूलतः हार्मोनियमच्याच घराण्यातले. त्याचा स्वर पितळी पट्ट्यांच्या कंपनातून निघतो आणि नळी त्यात मुळीच नसते. पाइप ऑर्गनची रचना अगदी निराळी. त्यात प्रत्येक स्वरासाठी आणि त्या स्वराच्या प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र नळी असते, आणि म्हणूनच मोठ्या ऑर्गनमधील नळ्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. हार्लेम येथील सेंट बाव्हो चर्चमधील १७३८ च्या ऑर्गनात ती पाच हजारांच्या घरात आहे; पॅरिसच्या नोत्र-दाम येथे सुमारे आठ हजार; आणि अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या एका प्रचंड सभागृहात तेहतीस हजारांहून अधिक.

यांपैकी बहुसंख्य नळ्यांचे तत्त्व बासरीचे आहे. खालून आलेला वारा एका अरुंद फटीतून निघून नळीच्या ओठावर आपटतो आणि आतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. नळी जितकी लांब तितका स्वर खालचा, हा नियम इतका मूलभूत आहे की ऑर्गनवादकांच्या बोलण्यात स्वरांच्या रांगांची ओळखच फुटांनी दिली जाते. ज्या रांगेतील सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी आठ फूट लांब असते ती आठ फुटी रांग. तिचा स्वर पट्टीच्या मूळ उंचीचा. चार फुटी रांग त्याच पट्टीवर एक सप्तक वर बोलते, सोळा फुटी एक सप्तक खाली, आणि बत्तीस फुटी रांगेतील अगदी तळाचा स्वर सेकंदाला सुमारे सोळा कंपनांचा असल्यामुळे तो कानांना ऐकू येण्यापेक्षा बाकांतून आणि फरशीतून अंगाला जाणवतो. नळीचे वरचे तोंड बंद केले तर निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो, मात्र त्याचा रंग बदलतो. जागा आणि पैसा दोन्ही वाचत असल्यामुळे चर्चच्या समित्यांना ही युक्ती नेहमीच प्रिय राहिली आहे. दुसऱ्या जातीच्या नळ्यांत बुडाशी पितळेची बारीक जिभली असते; तिच्या फडफडीतून तुतारीसारखे किंवा मानवी कंठासारखे स्वर निघतात. वादकाच्या दोन्ही बाजूंना जे खुंटीवजा दांडे असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. दांडा ओढला की ती रांग बोलण्यास मोकळी होते. कोणत्या प्रसंगी कोणत्या रांगा मिसळावयाच्या याचा विवेक हा वादकाच्या कलेचा अर्धा भाग होय, आणि तो प्रत्येक वाद्यापुढे नव्याने करावा लागतो.

या वाद्याचा उगम चर्चमध्ये झाला नाही, ही गोष्ट भाविक रसिकांनाही लक्षात ठेवावी लागते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने वारा स्थिर ठेवणारा ऑर्गन सिद्ध केला. रोमन काळात तो रंगणांत आणि मेजवान्यांत वाजत असे, आणि बुडापेस्टजवळच्या आक्विंकुम येथे सन २२८ च्या एका ऑर्गनाचे अवशेष १९३१ मध्ये सापडलेही आहेत. पश्चिम युरोपात त्याचे पुनरागमन राजनजराण्याच्या रूपाने झाले. सन ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन यास ऑर्गन भेट पाठविला. चर्चने त्याला आपलेसे केले ते त्यानंतरच्या शतकांत, आणि एकदा आपलेसे केल्यावर त्याच्याशी असलेले नाते कधी सरळ राहिले नाही.

त्या नात्याकडे वळण्यापूर्वी वाऱ्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. विजेचे पंखे रुळेपर्यंत वारा हे बहुतेक ठिकाणी मनुष्यबळाचे काम होते. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनच्या मागे किंवा बाजूच्या खोलीत भात्यांची रांग असे आणि पगारी माणसे त्यांच्या फळ्यांवर आळीपाळीने उभी राहून त्या दाबीत. वादकाला सरावासाठी बसावयाचे तरी भातेवाला बोलवावा लागे आणि त्याची मजुरी द्यावी लागे. घरी पायपट्ट्या जोडलेल्या तंतुवाद्यावर सराव करण्याची जुन्या वादकांची रीत होती, तिचे कारण यातच आहे. वाऱ्याचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात, आणि जुन्या धर्तीच्या वाद्यांत तो पाऊणशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे अगदी थोडा असतो. परंतु प्रश्न दाबापेक्षा पुरवठ्याचा आहे. सर्व रांगा उघडून दोन्ही हातांनी भरगच्च स्वरसमूह दाबला असता वारा डळमळला तर सर्व नळ्या एकदम उतरतात आणि वाद्याचे रडणे सर्व सभेला ऐकू येते. नवा ऑर्गन तपासावयास गेला की बाख प्रथम सर्व स्टॉप ओढून शक्य तितक्या भरघोस आवाजात वाजवी, कारण वाद्याची फुप्फुसे चांगली आहेत की नाहीत हे त्याला आधी पाहावयाचे असे, अशी आठवण त्याच्या पुत्राने नमूद करून ठेवली आहे. आजच्या रसिकांत याबाबत एक सूक्ष्म मतभेद आहे. पंख्याचा आणि नियामकांचा वारा निश्चल असावा असे काहींना वाटते. तर जुन्या भात्यांच्या वाऱ्याला जो किंचित श्वासासारखा चढउतार असतो त्याने संगीत सजीव होते, असा दुसऱ्यांचा आग्रह आहे. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, कारण मानवी गायनाच्या शेजारी बसणाऱ्या वाद्याने थोडे मानवी असावे यात वावगे काही नाही.

वाऱ्यानंतर हवामान. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि नळीचा स्वर चढतो. दर अंश सेल्सियसला अर्धस्वराचा सुमारे तेहतिसावा हिस्सा, एवढे हे प्रमाण आहे. हिवाळ्यातील आठवडाभर थंड पडलेले चर्च रविवारच्या उपासनेसाठी दहा अंशांनी तापविले, तर नळ्या अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वर जातात. सर्वच्या सर्व सारख्या चढल्या असत्या तर कोणाला कळलेही नसते. परंतु जिभलीच्या नळ्यांचा स्वर जिभलीच्या लांबीवर ठरतो, तो फारसा हलत नाही, आणि त्यामुळे तुताऱ्या बासऱ्यांपासून दुरावतात. ऐकणारा म्हणतो, तुताऱ्या उतरल्या. वस्तुतः त्या जागच्या जागी असतात आणि बाकीचा सारा मेळा वर गेलेला असतो. तरीही दुरुस्ती तुताऱ्यांचीच करावी लागते, कारण त्या थोड्या असतात आणि त्यांच्या जिभलीवरची तार वरखाली ठोकून त्या चटकन जुळविता येतात. म्हणून अनुभवी कारागीर समितीला बजावून ठेवतो की, ज्या उष्णतेत उपासना होते त्याच उष्णतेत वाद्य जुळविले पाहिजे. जुळविण्यास दोन माणसे लागतात. एक पट्टी दाबून धरतो आणि दुसरा नळ्यांच्या दाटीत चिंचोळ्या फळीवर उभा राहून ऐकतो. आतला ‘पुढची’ म्हणून ओरडला की बाहेरचा पुढची पट्टी दाबतो. हे काम दिवसच्या दिवस चालते, आणि त्या वेळी चर्चमध्ये झाडलोट किंवा फुलांची सजावट करणाऱ्यांनाही आवाज न करण्याची ताकीद असते.

उष्णतेहून घातक कोरडेपणा. चर्चना मध्यवर्ती उष्णतेची यंत्रे बसली, तेव्हा बाकांवरील मंडळींना सुख झाले आणि ऑर्गनच्या लाकडाला तडे गेले. वायुपेटीच्या फळीला भेग पडली की एका नळीचा वारा शेजारच्या नळीत शिरतो आणि न दाबलेला स्वर क्षीणपणे कण्हत राहतो. कातडी झडपा वाळतात, उंदीर त्या कुरतडतात, आणि एखादी झडप अडकली म्हणजे भर प्रार्थनेत एकच स्वर न थांबता वाजत राहतो. अशा वेळी वादकाने स्टॉप आत ढकलून त्या रांगेला मुके करावयाचे आणि उरलेल्या रांगांवर वेळ निभावून न्यावयाची. नळ्यांचा धातू शिसे आणि कथील यांचा. जुन्या ओक लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिसे खाल्ले जाते आणि नळीच्या पायाशी पांढरी बुरशीवजा पूड धरते. ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमधील जुन्या ऑर्गनच्या निमित्ताने या व्याधीचे शास्त्रीय संशोधन झाले आहे. कथिलाने वेगळीच आपत्ती ओढवून घेतली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जर्मन सरकारने ऑर्गनांच्या दर्शनी भागातील कथिलाच्या नळ्या युद्धसाहित्यासाठी जप्त करविल्या, आणि आर्प श्निटगर या महान कारागिराने १६९३ मध्ये पुरा केलेल्या हाम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चच्या ऑर्गनलाही आपला दर्शनी साज गमवावा लागला.

आता चर्चमधील संगीताच्या प्रश्नाकडे येऊ. उपासनेत वादकाने किती वाजवावे आणि कसे वाजवावे, हा तंटा आर्नश्टाटच्या धर्मसभेच्या दप्तरात जितक्या स्पष्टपणे नोंदलेला आहे तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. बाखची नेमणूक तेथे १७०३ मध्ये झाली. १७०५ च्या शरद ऋतूत त्याने चार आठवड्यांची रजा मागितली आणि सुमारे चारशे किलोमीटरांवरील ल्यूबेक येथे, तेथील सेंट मेरी चर्चचा वयोवृद्ध वादक डीट्रिख बुक्स्टेहुड याचे संगीत ऐकण्यासाठी तो गेला. परतला तो चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये धर्मसभेने त्याची जबानी घेतली. रजेची मुदत का मोडली, हा पहिला सवाल. दुसरा त्याहून मार्मिक होता. भक्तिगीतांच्या साथीत तो नवलाचे फेरफार करतो आणि परके स्वर मिसळतो, त्यामुळे गाणारी मंडळी गोंधळून जाते, असा आक्षेप होता. शिवाय पूर्वी तो फार लांबण लावीत असे, आणि त्याबद्दल सांगितल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन फारच आखूड वाजवू लागला, हीही तक्रार त्याच कागदांत आहे.

या प्रसंगाची गोष्ट सांगणारे बहुधा बाखच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होतात. मला धर्मसभेचे म्हणणे इतक्या सहजासहजी टाकून देता येत नाही. लुथरपंथी उपासनेत भक्तिगीत गाणे हा प्रत्येक श्रोत्याचा हक्क आणि कर्तव्य. ते शेकडो अशिक्षित कंठांना एकत्र गाता यावे म्हणून ऑर्गन तेथे आहे. समूहाकडून गीत गाऊन घेणे हे ऑर्गनवादनातील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी वाखाणले गेलेले कौशल्य होय. दोन कडव्यांच्या मध्ये मंडळीला श्वास घेण्यास नेमका किती वेळ द्यावा, ओळीच्या अखेरीस स्वर केव्हा सोडावा, चर्च भरलेले असताना लय कितपत धरावी आणि रिकामे असताना कितपत, वृद्धांचा कंठ थकू लागला की साथ किती भरावी, हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेले नसते. त्यातच नळ्या वीस-पंचवीस मीटर दूर आणि उंच, गाणारी मंडळी खाली. त्यांचा आवाज वादकापर्यंत उशिरा पोहोचतो, आणि तो त्या आवाजाची वाट पाहत थांबला तर प्रत्येक ओळीगणिक लय मंदावत जाऊन गीत अखेर जमिनीला टेकते. म्हणून जाणते गुरू शिकवितात की कानावर विसंबू नये, बोटांतील लयीवर विसंबावे. ज्या तरुणाला हे सर्व येत होते आणि याच्या पलीकडचेही दिसत होते, त्याने त्या साध्या गीतांतून पुढे जे निर्माण केले ते आपल्या समोर आहेच. तरी गोंधळलेल्या मंडळीच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे होते, आणि ते दप्तरात नोंदले गेले हे बरेच झाले.

जेथे चर्चने ऑर्गनला उपासनेबाहेर घालविले, तेथेच स्वतंत्र वादनाची मैफल वाढीस लागावी, हा या इतिहासातील विलक्षण योग आहे. झूरिकच्या प्रमुख चर्चमधील ऑर्गन १५२७ मध्ये उतरवून टाकण्यात आला. इंग्लंडमध्ये १६४४ साली पार्लमेंटने ऑर्गन मोडून टाकण्याचे फर्मान काढले. नेदरलँड्समध्येही कॅल्व्हिनपंथी धर्माधिकाऱ्यांना उपासनेत ऑर्गन नको होता. परंतु तेथे बहुतेक वाद्यांची मालकी नगराकडे होती, आणि नगराने आपली मालमत्ता मोडण्यास नकार दिला. अशा रीतीने ॲमस्टरडॅमच्या जुन्या चर्चमध्ये यान पीटर्सझोन स्वेलिंक हा नगराचा पगारी नोकर या नात्याने उपासनेच्या वेळेबाहेर नागरिकांसाठी वाजवीत राहिला, आणि १६२१ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत उत्तर जर्मनीतील ऑर्गनवादकांची एक संपूर्ण पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली. साथीवाचून चाललेले सामुदायिक गायन इकडे इतके बेसूर झाले होते की, कोन्स्टांटेन हाउखेन्स या कवी व मुत्सद्द्याने १६४१ मध्ये ऑर्गनच्या बाजूने एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. हार्लेमचा ऑर्गन हा याच नागरी परंपरेतला. १७६६ साली दहा वर्षांचा मोझार्ट तो वाजवून गेला. तेथे आजही नगराकडून नेमलेले वादक आहेत आणि उन्हाळ्यात नागरिकांसाठी वादने होतात. १९५१ पासून तत्काळ रचनेच्या, म्हणजे दिलेल्या विषयावर आयत्या वेळी वाजविण्याच्या स्पर्धाही तेथे भरतात.

मैफलीसाठी परगावच्या चर्चमध्ये येणाऱ्या वादकाची स्थिती इतर कलावंतांहून वेगळी असते, आणि यजमानांना ती नेहमी उमगतेच असे नाही. त्याला त्या विशिष्ट वाद्यासाठी कार्यक्रम ठरवावा लागतो, कारण श्निटगरच्या ऑर्गनवर खुलणारी बुक्स्टेहुडची रचना एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वाद्यावर जड होते आणि फ्रेंच रचनेला लागणारे हळूहळू फुगत जाणारे स्वर श्निटगरच्या वाद्यात मिळत नाहीत. पट्ट्यांचे वजन निराळे, पायपट्ट्यांचा बाक निराळा, स्टॉपांच्या जागा निराळ्या. प्रत्येक वळणावर कोणती रांग उघडावयाची आणि कोणती मिटावयाची हे ठरविण्यास त्याला एकांतात कित्येक तास हवेत. नेमके त्याच दिवशी चर्चमध्ये विवाह असतो. पाने उलटणारा आणि स्टॉप ओढणारा मदतनीस भरवशाचा लागतो. एवढे करून वादक श्रोत्यांच्या पाठीमागे, उंच सज्जात दृष्टीआड बसतो. हल्ली पडद्यावर त्याचे हातपाय दाखविण्याची प्रथा पडली आहे. तिच्याविषयी जुन्या मंडळींत कुरबुर असली तरी, दोन्ही पायांनी स्वतंत्र चाल वाजविली जाते हे नवख्या श्रोत्याला प्रथम डोळ्यांनीच पटते, म्हणून मला ती स्वागतार्ह वाटते.

लय हा तर या मंडळींच्या वादाचा नित्याचा विषय. शार्ल-मारी व्हिदोर याच्या पाचव्या ऑर्गन सिंफनीतील अखेरचा टोकाटा लग्नसमारंभांत जगभर वाजतो आणि बहुधा वेगाच्या प्रदर्शनासाठी वाजतो. स्वतः व्हिदोरने १९३२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसच्या सेंट-सुल्पिस चर्चमध्ये तो ध्वनिमुद्रित केला आणि तेथे त्याची चाल संथ, ठाशीव आहे. वार्धक्यामुळे, असे काही म्हणतात. परंतु ज्या दगडी घुमटांखाली प्रत्येक स्वर कित्येक सेकंद रेंगाळतो, तेथे धावणारा वादक स्वतःच्याच प्रतिध्वनीत बुडतो. व्हिदोर १८७० पासून त्या एकाच इमारतीत वाजवीत आला होता आणि तिला काय पेलते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तो १९३३ च्या अखेरीस निवृत्त झाला, आणि त्याच्यामागून आलेला मार्सेल द्युप्रे १९७१ पर्यंत त्या जागी राहिला. म्हणजे दोन माणसांच्या कारकिर्दीने एकशे एक वर्षे व्यापली. आरिस्तिद काव्हाये-कोल याने १८६२ मध्ये पुरा केलेला तो पट्ट्यांच्या पाच ओळींचा, शंभर स्टॉपांचा ऑर्गन फारसे फेरफार न होता आपल्या हाती आला, याचे श्रेय बऱ्याच अंशी या सातत्याला आहे.

सर्वच वाद्ये इतकी भाग्यवान ठरली नाहीत. १९०६ साली आल्बर्ट श्वाइट्सर याने, म्हणजे पुढे आफ्रिकेत रुग्णसेवा करून शांततेच्या नोबेल पारितोषिकास पात्र झालेल्या त्याच सत्पुरुषाने, कारखान्यातून निघणाऱ्या कर्कश नव्या ऑर्गनांविरुद्ध एक निबंध लिहून जुनी वाद्ये वाचविण्याचे आवाहन केले. त्या प्रेरणेतून जी चळवळ उभी राहिली तिने बाखकालीन वाद्ये वाचविली, हे तिचे मोठे उपकार. परंतु तिच्याच उत्साही अनुयायांनी विसाव्या शतकाच्या मध्यास एकोणिसाव्या शतकातील वाद्यांच्या नळ्या कापून, त्यांना आखूड करून, त्यांच्यातून तीव्र, प्राचीन भासणारे स्वर काढण्याचा सपाटा लावला. कापलेली नळी पुन्हा वाढविणे सोपे नसते. आज त्याच वाद्यांना त्यांचा मूळ मृदू गंभीर कंठ परत देण्यासाठी समित्या निधी गोळा करीत आहेत.

नोत्र-दामच्या ऑर्गनवरील प्रसंग त्या मानाने सर्वश्रुत आहे. तेथेच लुई व्हिएर्न हा जवळजवळ दृष्टिहीन वादक २ जून १९३७ रोजी आपले १७५० वे वादन करीत असताना वाद्यावरच मृत्यू पावला. १५ एप्रिल २०१९ च्या अग्निप्रलयात छप्पर कोसळले, पण ऑर्गन जळाला नाही. मात्र छपराच्या वितळलेल्या शिशाची विषारी धूळ त्याच्या अंतर्भागात भरून राहिली. नळ्या उतरवून, स्वच्छ करून पुन्हा बसविल्यावर त्या जुळविण्याचे काम रात्री करावे लागले, कारण दिवसा इतर कामगारांच्या हत्यारांचा आवाज थांबत नव्हता. ७ डिसेंबर २०२४ रोजी, चर्च पुन्हा उघडण्याच्या समारंभात, पॅरिसच्या आर्चबिशपांनी ऑर्गनला उद्देशून आठ वेळा आवाहन केले आणि चार वादकांनी प्रत्येक आवाहनाला आयत्या वेळी रचलेल्या वादनाने उत्तर दिले. राष्ट्रप्रमुख समोर बसलेले असताना एका वाद्याशी संभाषण करण्याची ही रीत फ्रेंचांनाच साधावी.

उष्ण कटिबंधात या वाद्याचे दुखणे निराळे. हिंदुस्थानसाठी वाद्ये पाठविताना इंग्रज कारागीर सरसाऐवजी स्क्रूंनी सांधे पक्के करीत आणि टिकाऊ लाकूड निवडीत. तरीही पावसाळ्याची दमट हवा, वाळवी आणि जाणत्या दुरुस्तीवाल्यांचा अभाव यांनी पुष्कळ वाद्ये मुकी केली. मुंबईत वोडहाउस रस्त्यावरील होली नेम कॅथीड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, हे तेथून रोज जाणाऱ्या कित्येक मराठी माणसांना ठाऊक नसेल.  स्थानिक हवेला तोंड देण्याचा सर्वांत सुंदर उपाय मात्र फिलिपाइन्समधील लास पिन्यास येथे सापडला. दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १८१६ ते १८२४ या काळात तेथे जो ऑर्गन बांधला, त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. किडीपासून बचाव व्हावा म्हणून त्याने बांबू कित्येक महिने वाळूत पुरून ठेवले होते. १९७३ ते १९७५ च्या दरम्यान बॉन येथील क्लाइस यांच्या कारखान्यात त्याचा जीर्णोद्धार होऊन तो पुन्हा बोलू लागला.

खर्चाचा विषय निघाला की समितीतील कोणीतरी विजेच्या वाद्याची शिफारस करतोच. १९३५ मध्ये हॅमंड ऑर्गन बाजारात आला तेव्हापासून हा पेच आहे. तो नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी करतो या जाहिरातीवरून अमेरिकेच्या व्यापारविषयक सरकारी आयोगापुढे प्रकरणही चालले. आजची वाद्ये खऱ्या नळ्यांचे मुद्रित स्वर ऐकवितात आणि घरी सराव करणाऱ्याला ती वरदानच होत. पण चर्चसाठी ती घेणाऱ्यांनी मुदतीचा हिशेब मांडावा. स्वित्झर्लंडमधील सिओन येथे पंधराव्या शतकातील ऑर्गन आजही वाजतो, आणि विजेच्या वाद्याचे सुटे भाग एका पिढीनंतर मिळेनासे होतात.

यापुढचा प्रश्न ज्यांचे घरच बंद होत आहे अशा वाद्यांचा. ब्रिटनमध्ये आणि नेदरलँड्समध्ये उपासकांची संख्या घटून चर्च विकली जात आहेत, आणि त्यांतील कित्येक ऑर्गन युरोपातील इतर देशांत नव्या ठिकाणी जात आहेत. नळ्यांवर खुणा करून, त्या कापडात गुंडाळून पेट्यांत भरणे हा या कामाचा सोपा भाग. खरे काम नव्या इमारतीत सुरू होते. जुन्या जागी जो स्वर भारदस्त होता तो लहान दालनात कर्णकटू होतो, मोठ्या दालनात विरून जातो. म्हणून कारागिराला प्रत्येक नळीचा ओठ, फट आणि वाऱ्याचे भोक हलक्या हाताने फिरून बदलावे लागते. शिवाय रिकाम्या दालनात जुळविलेला स्वर माणसे बसली की त्यांच्या कपड्यांत शोषला जातो, तेव्हा गर्दी किती अपेक्षित आहे हे तो समितीला आधीच विचारून घेतो. करारनाम्यात एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर त्याने पुन्हा येऊन सर्व नळ्या तपासाव्यात, असे कलम बहुधा असते.